एक दिवा, दोन दिसतात: चष्म्याच्या काचेत उजेडाचं काय होतं

प्रश्न विचारणारे खानापूर तालुक्यातले. नोकरी बेळगावात, उद्यमबागेत. दुसरी पाळी संपली की रात्री जांबोटी रस्त्याने गाडी घेऊन घरी जातात. दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस साडेपाच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "काच जाड नको म्हणून १.६७ ची पातळ, महागातली घेतली. तेव्हापासून समोरच्या गाडीच्या प्रत्येक दिव्याशेजारी एक फिकट दिवा दिसतो. नजर कडेला गेली की दिव्याला निळी-पिवळी किनार येते. पाऊस असला तर रस्ताच दिसंना होतोय. दुकानदार म्हणतो, सवय होईल. दहावीला परावर्तन आणि वक्रीभवन पाठ केलेलं, त्याचा याच्याशी काही संबंध आहे काय? रात्रीसाठी पिवळा चष्मा घेऊ काय?"

संबंध आहे, आणि सगळाच आहे. सवयीचं म्हणाल तर किनारीची थोडीफार होते, फिकट दिव्याची होत नाही आणि होऊही नये. अठ्ठावीस वर्षं बेळगावात चष्मे बनवतोय, हीच तक्रार दर पावसाळ्यात आठवड्याला दोन-तीनदा तरी कानावर येते.

तुम्ही 'वक्रीभवन' लिहिलंत, बरं वाटलं. आमच्या मराठी शाळेत हाच शब्द होता. महाराष्ट्रातल्या नव्या पुस्तकांत 'अपवर्तन' आलंय. पण कन्नडातही वक्रीभवनच म्हणतात, त्यामुळे माझ्या काउंटरवर एकच शब्द दोन्ही भाषांत चालतो. परावर्तनाला मात्र कन्नडात प्रतिफलन. उजेड परत येतो तो फळासारखा पदरात पडतो, असं मी आपलं लक्षात ठेवलंय.

शाळेत हे दोन वेगळे धडे असतात. आरशाचा धडा संपला की काचेच्या चिपेचा सुरू. तिथेच मुलांची समजूत चुकते. आरसा परावर्तन करतो आणि भिंग वक्रीभवन करतं, असं काही नसतं. उजेड हवेतून काचेत शिरताना त्या एकाच पृष्ठभागावर दोन्ही गोष्टी एकदमच होतात. थोडा उजेड मागे फिरतो, उरलेला वाकून आत जातो. बाहेर पडताना मागच्या पृष्ठभागावर पुन्हा तसंच. चष्मेवाला पैसे घेतो ते वाकणाऱ्या उजेडाचे. परतणारा उजेड गिऱ्हाइकाच्या गळ्यात फुकट पडतो, आणि तुमच्या गळ्यात तो जरा जास्तच पडलाय.

आधी वाकण्याचं बघू. पोकळीत उजेड सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर जातो. पाण्यात तो साधारण २,२५,००० वर येतो, साध्या काचेत २,००,००० वर. पोकळीतला वेग भागिले त्या वस्तूतला वेग, हाच तो अपवर्तनांक. आमच्या धंद्यात त्याला नुसतं 'इंडेक्स' म्हणतात. साधी प्लास्टिक काच १.५०, तुमची १.६७. म्हणजे तुमच्या काचेत उजेड आणखी मंदावतो.

मंदावला तर वाकतो कशाला? तुमच्याकडे भाताची रोपलागण होते, तेव्हा पॉवर टिलर कोरड्या बांधावरून चिखलात उतरताना बघितला असेल. सरळ उतरला तर नुसता हळू होतो. तिरका उतरला तर एक चाक आधी चिखलात रुततं, दुसरं अजून कडक जमिनीवर पळत असतं, आणि तोंड आपोआप चिखलाकडे वळतं. उजेडाची लाट अशीच वळते. तिची एक बाजू आधी मंदावते. लंबाशी ४५ अंशांचा कोन करून आलेला किरण १.५० च्या काचेत २८ अंशांवर येतो, १.६७ च्या काचेत २५ वर. या कोनांचा नियम युरोपात स्नेल या डच गणितज्ञाने १६२१ मध्ये शोधला. बगदादच्या इब्न सहलला तो त्याच्या सहाशे वर्षं आधी, सुमारे ९८४ मध्येच, सापडला होता. पण उजेड काचेत मंदावतो की वेग घेतो, यावर पुढेही वाद चालूच राहिला. न्यूटनच्या मते तो वेग घ्यायचा. पाण्यातला वेग कमी असतो हे फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५० मध्ये मोजून दाखवलं.

इंडेक्स जास्त म्हणजे वाकवण्याची ताकद जास्त, म्हणून तेवढाच नंबर कमी गोलाईत बसतो आणि काच पातळ होते. जाहिरातीत एवढंच सांगतात.

आता परतणारा उजेड. काचेवर समोरून पडलेल्या उजेडातला किती मागे फिरतो, याचा हिशोब सोपा आहे: इंडेक्समधून एक वजा करा, इंडेक्समध्ये एक मिळवा, पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि आलेल्याचा वर्ग करा. १.५० साठी ४ टक्के येतं. १.६७ साठी ६.३ टक्के. १.७४ साठी ७.३. हे एका बाजूचं, आणि काचेला बाजू दोन. म्हणजे कोटिंग नसेल तर साधी काच सुमारे ८ टक्के उजेड परतवते, तुमची महागातली १२ टक्के. पातळपणासाठी जास्त पैसे मोजलेत आणि सोबत दीडपट चकाकी घरी नेलीत. हे दुकानात कोणी सांगत नाही, कारण दिवसा ट्यूबलाइटखाली ते जाणवत नाही.

रात्री जाणवतं. समोरून ट्रक येतोय. त्याच्या दिव्याचा उजेड काचेत शिरला, बहुतेक थेट डोळ्यात गेला. त्यातला ६.३ टक्के मागच्या पृष्ठभागावरून उलटा फिरला, पुढच्या पृष्ठभागावर आपटला, तिथून त्याचा ६.३ टक्के पुन्हा डोळ्याकडे वळला. हजारात साडेतीन भाग. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतंय! पण हायबीमचे हजारातले साडेतीन भागसुद्धा काळ्याकुट्ट रानात डोळ्याला सहज दिसतात, कारण शेजारी दुसरं काही उजळलेलंच नसतं. काचेच्या दोन बाजूंची गोलाई वेगवेगळी, म्हणून हा दोनदा उलटलेला उजेड मूळ दिव्याच्या जागी पडत नाही, बाजूला सरकतो. तोच तुमचा फिकट दिवा.

पण तो नक्की तोच आहे, हे आधी पडताळा. एक दिवा दोन दिसण्याची कारणं बरीच असतात आणि सगळी काचेत नसतात. गाडी कडेला थांबवा, लांबच्या एकट्या दिव्याकडे बघा आणि एक डोळा झाका. दुसरा दिवा गेला, तर भानगड दोन डोळ्यांच्या जुळणीत आहे: काचांचे मध्य चुकलेत किंवा डोळ्यांचे स्नायू. राहिला, तर चष्मा नाकावरच जरा वर-खाली, तिरका करा. फिकट दिवा खऱ्या दिव्याभोवती सरकायला लागला तर काचेतलं परावर्तन, शंभर टक्के. आणि तो ढिम्म हलत नसेल, तर चष्मा काढून डोळ्याशी बारीक भोकाचा कागद धरून बघा. चष्म्याशिवायही दिवा दुहेरी आणि भोकातून एकेरी, असं असेल तर दोष बुबुळात किंवा डोळ्यातल्या भिंगात असू शकतो. मग माझ्यासारख्याकडे नको, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

जुळणीची चूक मी स्वतः केलीय म्हणून एवढं सांगतोय. धंद्यातलं दुसरंच वर्ष. निपाणीकडचे एक गृहस्थ, नंबर मायनस नऊ. मी एका काचेचा मध्य तीन मिलिमीटर खाली बसवला. भिंगाच्या मध्यातून बघितलं तर किरण सरळ जातो. मध्य सोडला की भिंग लोलकासारखं वागतं. किती, तर सेंटीमीटरमधलं अंतर गुणिले नंबर. ०.३ गुणिले ९ म्हणजे २.७. एका मीटरवरची वस्तू २.७ सेंटीमीटर वर-खाली सरकलेली, आणि तीही एकाच डोळ्याला. आडव्या चुकीशी डोळे थोडं जुळवून घेतात, उभ्या चुकीशी फारच कमी. ते आठ दिवसांनी आले आणि म्हणाले, "स्टँडवर एकाच गाडीला दोन बोर्ड दिसतात, एक निपाणी वर आणि एक निपाणी खाली." मीही त्यांना आधी सवय होईल असंच सांगितलं होतं. तेव्हापासून तो शब्द माझ्या दुकानात बंद आहे.

तुमच्या बाबतीत मला कोटिंगचा संशय आहे. घरी बघायचं असेल तर चष्मा हातात घ्या, ट्यूबलाइटखाली उभे राहा आणि काचेत ट्यूबचं प्रतिबिंब शोधा. नीट बघा, प्रत्येक काचेत दोन ट्यूब दिसतील: एक पुढच्या पृष्ठभागावरून, एक मागच्या. दोन्ही मंद, हिरवट किंवा जांभळट दिसल्या तर परावर्तन मारणारं कोटिंग दोन्ही बाजूंना आहे. दोन्ही स्वच्छ पांढऱ्या दिसल्या तर कोटिंग नाही. बिलावर नुसतं 'कोटेड' लिहिलेलं असतं ते पुष्कळदा हार्ड कोट असतं. ते चरे पडू नयेत म्हणून, त्याचा परावर्तनाशी संबंध नाही. एक रंगीत आणि एक पांढरी दिसली तर समजायचं, एका बाजूचं कोटिंग शर्टाच्या टोकाने पुसून पुसून गेलं. हेही नेहमीचंच. आणि मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर एप्रिल-मेच्या उन्हात चष्मा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला होता. प्लास्टिक तापून जास्त फुगतं, वरचा थर तेवढा फुगत नाही, तो तडकतो.

या कोटिंगची युक्ती मला अजूनही आवडते. चकाकी कमी करायला काचेवर आणखी एक पृष्ठभाग चढवायचा! म्हणजे परावर्तनं दोन झाली, एक थराच्या वरून, एक थराच्या तळातून. थराची जाडी अशी ठेवायची की तळातून येणारी लाट वरच्या लाटेपेक्षा बरोबर अर्धी लाट मागे पडावी. एकीचा उंचवटा, तिथे दुसरीचा खळगा. दोघी एकमेकींना मारून टाकतात आणि परतायचा उजेड पुढे निघून जातो. मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर घेतला, इंडेक्स १.३८, आणि डोळ्याला सगळ्यात जास्त जाणवणारा हिरवा उजेड धरला, तर जाडी निघते साधारण १०० नॅनोमीटर. मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. डेनिस टेलर या इंग्रज भिंगवाल्याला १८९२ मध्ये दिसलं होतं की हवा लागून कळकटलेली जुनी भिंगं नव्या भिंगांपेक्षा जास्त उजेड पुढे सोडतात. मुद्दाम थर चढवायची रीत मात्र १९३५ मध्ये झाइस या जर्मन भिंग कंपनीतल्या स्माकुलाने पक्की केली. हिरव्यासाठी बेतलेला एकेरी थर तांबडा आणि निळा नीट मारू शकत नाही, म्हणून उरलेली झाक जांभळी दिसते. आताच्या काचांवर थर अनेक असतात, त्यामुळे बेताप्रमाणे हिरवी झाक ठेवता येते. चांगल्या कोटिंगनंतर एका बाजूने अर्धा टक्का परततो असं धरलं, तर तो फिकट दिवा हजारात साडेतीनवरून लाखात अडीच भागांवर येतो. दिसतच नाही म्हणा ना.

निळ्या-पिवळ्या किनारीला मात्र कोटिंगचा उपाय नाही. ती परावर्तनाची नसून वाकण्यातलीच खोट आहे. काचेत निळा उजेड तांबड्यापेक्षा थोडा जास्त मंदावतो, म्हणून जास्त वाकतो. हा फरक कमी की जास्त हे ज्या आकड्याने सांगतात त्याला आबे नंबर म्हणतात. तो जितका मोठा तितकी काच सालस. साध्या १.५० प्लास्टिकचा ५८, १.६० चा साधारण ४१, तुमच्या १.६७ चा ३२. पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचा तर ३०. इंडेक्स वाढवला की बहुतेक वेळा आबे पडतो.

तुमच्याच नंबरावर मांडून बघू. नजर काचेच्या मध्यापासून एक सेंटीमीटर बाजूला गेली. लोलकाचा परिणाम १ गुणिले ५.५, म्हणजे मीटरला साडेपाच सेंटीमीटर. त्याला ३२ ने भागा: मीटरला १.७ मिलिमीटर, हा तांबड्या आणि निळ्यातला फरक. शंभर मीटरवरच्या गाडीच्या दिव्याशी हा फरक होतो १७ सेंटीमीटर, जवळजवळ दिव्याच्याच आकाराएवढा. किनार दिसणारच. १.५० च्या काचेत हाच फरक साडेनऊ सेंटीमीटर असता. मायनस नंबरात निळी किनार काचेच्या मध्याकडे आणि पिवळी-तांबडी बाहेरच्या बाजूला असते. आज रात्री बघा, मी म्हणतोय तसंच निघेल. आणि मान वळवून दिवा काचेच्या मध्यातून बघितला की किनार नाहीशी होईल.

मग काय घ्यावं? मी तुम्हाला १.६० ची काच, दोन्ही बाजूंना चांगलं कोटिंग आणि लहान फ्रेम सुचवेन. फ्रेमचं कोणी मनावर घेत नाही, पण कडेची जाडी काचेच्या व्यासाच्या वर्गाने वाढते. मायनस साडेपाचची साधी १.५० काच ५० मिलिमीटर व्यासाची असेल तर मध्यापेक्षा कड सुमारे ३.४ मिलिमीटर जाड. तीच ४० मिलिमीटरवर आणली तर २.२. आणि १.६७ ची काच पण फ्रेम मोठी ५० ची, तर २.६. म्हणजे स्वस्तातली काच लहान फ्रेममध्ये बसवली तर कडेची वाढ महागातल्या काचेपेक्षा कमी. हल्ली मोठ्या चौकोनी फ्रेमची टूम आहे, पोरं ऐकत नाहीत, आणि धंदा म्हणून मलाही त्यात तोटा नाही.

पावसाचा भाग वेगळा आहे, त्यात तुमच्या चष्म्याचा दोष थोडाच. कोरडा डांबरी रस्ता खडबडीत असतो. तुमच्या दिव्यांचा उजेड तो चारी दिशांना उधळतो, त्यातला थोडा तुमच्याकडे परत येतो म्हणून रस्ता दिसतो. वर पाण्याचा पापुद्रा आला की खडबड बुजते आणि रस्ता आरसा होतो. पाण्यावर सरळ वरून पडलेल्या उजेडातला जेमतेम २ टक्के परततो. पण लंबाशी ८५ अंश करून, म्हणजे जवळजवळ आडवा आला, तर निम्म्याहून जास्त. गाडीचा उजेड आडवाच येतो. तुमचा उजेड पुढे घसरून जातो, तुमच्याकडे काही परतत नाही, रस्ता काळा. समोरच्याचा उजेड मात्र त्याच आरशावरून थेट तुमच्या डोळ्यात. कणकुंबीपासून पुढे चोर्ला घाटात धुकं असलं तर आणखी निराळं: तिथे प्रत्येक थेंब परावर्तन, वक्रीभवन दोन्ही करतो, आणि हायबीम टाकलात तर आपलाच उजेड आपल्यासमोर पांढरी भिंत होऊन उभा राहतो. डिपरवरच चालवा. विंडशील्ड आतूनही पुसा, आतल्या बाजूला तेलकट पापुद्रा बसतो तो कोणी पुसतच नाही. वायपरची रबरं दर मृगाआधी बदला.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण माझ्या डोक्यात हा सगळा विषय शिरला तो विहिरीत. येळ्ळूरकडे आजोळ होतं. मे महिन्यात विहिरीत डुंबताना पाण्याखाली डोळे उघडले की सगळं धूसर. मला वाटायचं, पाणी गढूळ आहे. खरं कारण फार नंतर कळलं. डोळ्याची ताकद साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच माप), त्यातली ४० च्या वर एकट्या पुढच्या पारदर्शक पडद्याची. त्याचा इंडेक्स १.३७६. हवेतून उजेड त्याच्यात आला तर चांगला वाकतो, पाण्यातून आला तर पाण्याचाच इंडेक्स १.३३, फरक उरला किती? ती ताकद गेलीच म्हणायची. मामाने गॉगल आणून दिला, डोळ्यासमोर हवा आली आणि तळाच्या पायऱ्या लख्ख दिसल्या. मग तळाशी जाऊन वर बघायचा नाद लागला. डोक्यावर आभाळाचं एक गोल भोक, त्यात काठावरची पोरं वाकून बघणारी, आणि भोकाच्या बाहेर आभाळ नाहीच, विहिरीच्याच भिंती उलट्या दिसायच्या. पाण्यातून बाहेर निघणारा किरण लंबापासून ४८.६ अंशांच्या पलीकडे गेला की बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा परत फिरतो. पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात ते हे. मामा काठावरून ओरडायचे ते वेगळं. बारा फूट पाणी वरून नऊच फूट दिसतं, त्या फसगतीने नवशिकी पोरं उतरतात, म्हणून त्यांना धास्ती.

शेवटचा प्रश्न पिवळ्या चष्म्याचा. घेऊ नका. पिवळी काच निळा उजेड अडवते, म्हणजे एकूण उजेडच कमी करते, आणि रात्री आपल्याला उजेडाचाच तर तुटवडा. समोरचा दिवा सौम्य वाटतो खरा, पण कडेने चाललेला कांबळं पांघरलेला माणूसही तेवढाच अंधारात जातो. शिवाय हे चष्मे तुमच्या चष्म्यावर चढवायचे असतील तर आणखी दोन पृष्ठभाग वाढले, आणि बहुतेकांना कोटिंग नसतं. पोलराइज्ड गॉगल दिवसासाठी उत्तम. दुपारी ओल्या रस्त्यावरची चकाकी तो मारतो, कारण आडव्या पाण्यावरून परतलेला उजेड बराचसा एकाच दिशेने थरथरतो आणि ती दिशा गॉगल अडवतो. पण सूर्य मावळला की तोही काढून खिशात ठेवायचा.

आणि बिल घेऊन त्या दुकानात परत जा. ट्यूबलाइटखाली दोन पांढऱ्या ट्यूब त्यांनाच दाखवा, आणि बिलावर लिहिलेलं कोटिंग कुठल्या बाजूला आहे ते विचारा.